अकरा भाषांतलं ‘या’

५ जानेवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. झटका येऊन आठ महिने झाले तरी अण्णांची वाचा परत आलेली नाही, हे वाचलं, पत्र उशीखाली ठेवलं आणि कामावर गेले. इथे दिवसभर तोंड हसरं ठेवावं लागतं, त्यामुळे रडायचं राहूनच गेलं. गावातली निम्मी डोकी गप्पांत गुंतवून भादरणारा माणूस गप्प पडून आहे, हे माझ्या डोळ्यांपुढे येतच नाही. अगदी काहीच बोलत नाहीत का गं? एखादा शब्द? नीट लिही.

मी नक्की काय काम करते हे लोकांना सांगताना तुझी पंचाईत होते म्हणालीस. सांग, बहीण मोठ्या हॉटेलात ‘या, या’ करते. थट्टा नाही, तेवढंच काम आहे. काचेच्या दाराच्या आत, पितळी कुंडीशेजारी उभं राहायचं. बाहेर दरवान गाडीचं दार उघडतो आणि पाठीमागे हात घेऊन बोटांनी मला आकडा दाखवतो. दोन म्हणजे अरबी, तीन फ्रेंच, चार रशियन, असं. अकराला बोटं पुरत नाहीत म्हणून तो कान खाजवतो. पाहुणा आत पाऊल टाकेपर्यंत माझं ‘अहलान व सहलान’ नाहीतर ‘दोब्रो पझालवात’ तयार पाहिजे. लहानपणी मी शेजारणींच्या नकला करायचे आणि तू मला पोपट म्हणायचीस. त्या पोपटाला इथे नोकरी लागली.

मला तुर्की सगळ्यांत आवडते. ‘होश गेल्दिनिझ’ म्हटलं की पाहुण्याने ‘होश बुल्दुक’ म्हणायचं. म्हणजे, तुम्ही आलात, आनंद झाला. आणि आम्हालाही इथे आनंद सापडला. उत्तर ठरलेलं, तरी ऐकून बरं वाटतं. बाकी भाषांतले पाहुणे नुसती मान हलवून पुढे जातात.

मार्चअखेर माझा दोन वर्षांचा करार संपतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दारात उभी राहीन. तोवर अण्णांना सांभाळ. सांभाळतेच आहेस, मी आपलं लिहायचं म्हणून लिहिलं.

तुझी पोपट


३० जानेवारी

पोपटे,

नीट लिही म्हणालीस, तर नीट लिहिते. अण्णांना दोनच वाक्यं येतात. ‘या, बसा’ आणि ‘पुढच्या वेळी लवकर या’. डॉक्टर म्हणतात, माणूस विचार करून जे बोलतो ते गेलं; चाळीस वर्षं सलूनमध्ये विचार न करता जे बोलले, ते राहिलं. तहान लागली तरी ‘या, बसा’, पाठ दुखली तरी ‘या, बसा’. सुरावरून मी ओळखते. परवा अंग पुसताना पाणी गार लागलं असावं. माझ्याकडे रागाने बघून म्हणाले, ‘पुढच्या वेळी लवकर या.’ मला हसू आलं, आणि मग मोरीत जाऊन मी बराच वेळ तीच बादली विसळत बसले. पोटच्या मुलीला बाप गिऱ्हाइकासारखा ‘या’ म्हणतो, याची सवय काही होत नाही.

माझं म्हणशील तर शाळांच्या गणवेशांचं शिवण घरी आणते. मशीन त्यांच्या खाटेशेजारी हलवलंय. तासाभराच्या वर बाहेर राहता येत नाही. समोरच्या काकूंना बसवून जाते, तर त्या अण्णांना स्वतःच्या सुनेची गाऱ्हाणी सांगतात. अण्णा मध्येमध्ये ‘या, बसा’ म्हणतात. काकू खूश; म्हणतात, इतकं मन लावून कुणी ऐकत नाही.

आता दुसरं. कोपऱ्यावरचा चष्मेवाला आठवतोय ना? ज्याच्या दुकानात आपण सगळ्या फ्रेमा लावून बघायचो आणि काहीच न घेता यायचो. त्याने मला लग्नाचं विचारलंय. मला चाळिशी लागली तेव्हा नंबर त्यानेच काढला, त्यामुळे वय लपवायचा प्रश्नच नव्हता. इथून चौदा तासांवर डोळ्यांचं मोठं इस्पितळ आहे, त्याच्यासमोर तो दुकान घेतोय. मेमध्ये लग्न करून तिकडेच जायचं म्हणतो.

मी हो म्हटलंय. तू एप्रिलमध्ये येणार या भरवशावर. आजवर कुणाच्या भरवशावर मी काही केलेलं नाही, तेव्हा जपून ये.

ताई


२ एप्रिल

प्रिय ताई,

तुझ्या लग्नाची बातमी वाचून आनंद झाला. कळवण्यास आनंद वाटतो की मला मुख्य स्वागतिका करण्यात आलं आहे. येथील साहेब फार चांगले आहेत. राहण्याची व जेवणाची सोय उत्तम आहे. अकरा भाषा येणारी दुसरी मुलगी मिळेपर्यंत थांबावं अशी त्यांनी विनंती केली आणि मी आनंदाने होकार दिला. किती दिवस ते अजून ठरलेलं नाही.

चष्मेवाल्यांना नमस्कार. अण्णांना साष्टांग दंडवत. माझी काळजी नसावी.

तुझी बहीण


२१ एप्रिल

मुख्य स्वागतिकाबाईंना,

पत्र मिळालं. आधी वाटलं हॉटेलचं जाहिरातपत्रक चुकून आपल्या पत्त्यावर आलं. ‘कळवण्यास आनंद वाटतो.’ तीन वेळा आनंद आहे त्या पत्रात, मोजला मी.

तू निघालीस त्या दिवशी उंबऱ्यावर उभी राहून ‘जाते’ म्हणालीस. अण्णांनी तुला दंडाला धरून परत आत आणलं. ‘जाते म्हणू नये, येते म्हण,’ म्हणाले. मग तू ‘येते’ म्हणून निघालीस. त्या शब्दावर ते अजून आहेत. संध्याकाळी दार वाजलं की मान वळवतात. दिवसभर साऱ्या जगाला ये म्हणतेस, आणि स्वतः मात्र येत नाहीस.

चष्मेवाला ऑगस्टअखेरपर्यंत थांबतो म्हणाला. भला माणूस आहे, म्हणून जास्त राग येतो. आरडाओरडा केला असता तर मलाही करता आला असता.

या पत्राला उत्तर नाही आलं तरी चालेल.

ताई


१८ मे

ताई,

हे पत्र लाँड्रीतल्या मावशी घेऊन निघाल्या आहेत. त्यांच्या छातीत पाणी झालंय म्हणून त्यांना घरी पाठवताहेत. तिकडे पोचल्या की त्या पेटीत टाकतील. दोन वर्षांत पहिल्यांदा मी स्वतःच्या हाताने पाकिटाला गोंद लावते आहे.

इथे पत्रं उघडी द्यावी लागतात. तळघरातल्या ऑफिसात आपली भाषा वाचणारा एक बाबू आहे. एप्रिलचं पत्र त्याने माझ्याकडून तीनदा लिहून घेतलं. तुझं उत्तरही आधी त्याने वाचलं, आणि मला देताना म्हणाला, ‘बहीण तापट दिसते.’

आलो त्या दिवशी नोंदणीसाठी म्हणून आमचे पासपोर्ट घेतले. ते साहेबाच्या तिजोरीत आहेत. एकतीस मार्चला मी बॅग भरून त्याच्या खोलीत गेले. तो ओरडला नाही. चहा मागवला. म्हणाला, ‘अकरा भाषा येणारी दुसरी मिळाली की तू मोकळी.’ मी विचारलं, ‘कधी मिळेल?’ तो म्हणाला, ‘तू इतकी चांगली नसतीस तर एव्हाना मिळाली असती.’

ताई, आले तेव्हा मला तीन भाषांतलं येत होतं. बाकीच्या आठ मी रिकाम्या वेळात हौसेने शिकले. माझी मीच दाराला एकेक कडी घालत गेले. नंतर मुद्दाम चुकूनही पाहिलं. रशियन जोडप्याला अरबीत या म्हटलं. त्याची शिक्षा म्हणून महिनाभर बाजार बंद. पंधरा दिवसांतून एकदा आम्हा सहाजणींना मागच्या फाटकातून बसने बाजारात नेतात. नेताना डोकी मोजतात, आणताना मोजतात. वाटेत आपल्या देशाच्या वकिलातीचा झेंडा दिसतो. बस तिथे थांबत नाही. एरवी खोली, लिफ्ट, लॉबी, पुन्हा लिफ्ट. ज्या काचेच्या दाराशी मी रोज दहा तास उभी असते, त्याच्या बाहेरच्या पायरीवर माझा पाय एकदाही पडलेला नाही.

कोरियन शिकवायला एक बाई यायच्या. त्यांच्याकडे निरोपाचे दोन शब्द आहेत म्हणे. मागे राहणारा जाणाऱ्याला ‘सुखाने जा’ म्हणतो, आणि जाणारा मागे राहणाऱ्याला ‘सुखाने राहा’. मी पहिला पाठ केला आणि दुसरा कसा म्हणायचा ते विचारलं. बाई म्हणाल्या, ‘तो तुला लागणार नाही.’ त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं.

काही करता आलं तर कर. लिहिताना माझ्या कागदपत्रांना ‘आत्या’ म्हण. आपल्याला आत्या नाही हे बाबूला ठाऊक नाही. तुझ्या रागाचं मला काही वाटलं नाही. तुला माहीतच नव्हतं.

पोपट


८ जुलै

चि. बहिणीस,

आत्याचं दुखणं इतकं वाढलंय हे उशिरा कळलं. कळल्यापासून मी आणि चष्मेवाला धावपळ करतो आहोत. तीन दवाखान्यांत कागद पाठवले. पहिल्याने उत्तरच दिलं नाही. दुसरा म्हणतो, असा आजार आमच्या यादीत नाही. तिसरा आपल्याच लोकांचा, त्याच्यावर भिस्त होती. त्यांनी लिहिलं, पेशंटने स्वतः येऊन केसपेपर काढावा. नातेवाइकांच्या सांगण्यावरून उपचार होत नाहीत. मी उलट कळवलं, पेशंटला अंथरुणातून उठता येत नाही म्हणूनच तर लिहिते आहे. त्यांनी तेच उत्तर पुन्हा धाडलं, फक्त तारीख बदलून.

आत्याला म्हणावं, दवाखान्यातलं कुणी कधी समोर आलंच तर भीड धरू नकोस, दुखणं सांगून टाक.

अण्णा ठीक आहेत. एप्रिलमधलं माझं पत्र फाडून टाक.

ताई


९ ऑगस्ट

ताई,

मी वकिलातीच्या मागच्या खोलीत बसून लिहिते आहे. हे आधी सांगितलं म्हणजे तू पुढचं श्वास सोडून वाचशील.

अठ्ठावीस जुलैला हॉटेलात कसल्याशा परिषदेचं दुपारचं जेवण होतं. मोठमोठे पाहुणे यायचे होते म्हणून साहेब स्वतः नवा कोट घालून माझ्या शेजारी उभा राहिला. दरवानाने नऊचा आकडा दाखवला, म्हणजे ‘नमस्ते’. तिघे आत आले. पुढचे साठीकडे झुकलेले, थोडे लंगडत होते. बरोबरच्या सहायकाला हळूच म्हणाले, ‘नवा बूट चावतोय रे. कुठे बसता येतंय का बघ.’

ताई, मराठीत. ‘नमस्ते’ तोंडातच राहिलं. तुझ्या पत्रातलं ‘भीड धरू नकोस’ मला पाठ झालं होतं. मी हात जोडले, हसू तसंच ठेवलं, रोज ज्या सुरात म्हणते त्याच सुरात म्हटलं, ‘आपलं स्वागत आहे. माझा पासपोर्ट माझ्या शेजारच्या माणसाच्या तिजोरीत आहे. मला घरी जायचंय, जाऊ देत नाहीत. आपला मुक्काम सुखाचा होवो.’

साहेब शेजारी मान डोलावत होता. लांबलचक स्वागत झालं म्हणून खूश.

ते गृहस्थ थांबले. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनीही हात जोडले आणि म्हणाले, ‘धन्यवाद. किती जणी?’

हे तुझ्याशिवाय कुणाला सांगणार नाही. ‘एकच’ हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. एकीला गुपचूप सोडवतील, सहाजणींचं नाव काढलं तर बोभाटा होईल आणि सगळ्याच अडकू, एवढा हिशोब मी एका क्षणात केला. बाकीच्या पाचजणींबरोबर मी दोन वर्षं एका खोलीत झोपले आहे. कोण झोपेत काय बोलते ते मला माहीत आहे.

‘सहा,’ मी म्हटलं.

‘आनंद आहे,’ म्हणाले आणि लंगडत आत गेले. साहेबाने विचारलं, ‘काय म्हणाला?’ मी सांगितलं, ‘हॉटेल आवडलं म्हणाले.’

नंतर सहा दिवस काहीच झालं नाही. मला वाटलं, पाय दुखत होता, त्यांनी नीट ऐकलंच नसेल. आपल्याला तोंड होतं तेवढं वापरून झालं. ते गृहस्थ आपल्या वकिलातीतलेच निघाले; सातव्या दिवशी सकाळी त्यांचा सहायक कामगार खात्याची दोन माणसं घेऊन आला. तिजोरी उघडली. पाचजणींना त्यांचे पासपोर्ट मिळाले. माझ्या पासपोर्टची मुदत जूनमध्येच संपली होती. तिजोरीत पडून पडून तो मेला.

पाचजणी गेल्या. मी नव्या कागदाची वाट बघत इथे आहे. खोलीत फायलींची दोन कपाटं, एक खाट, जाळीची खिडकी. माणसं प्रेमळ आहेत, पण फाटकाबाहेर जायचं नाही म्हणतात. बिनकागदाचं माणूस रस्त्यावर सापडलं तर पोलीस नेतात. किती दिवस लागतील विचारलं, तर कुणी पंधरा सांगतं, कुणी चाळीस. सुटले म्हणायचं, एवढंच.

चष्मेवाल्याला म्हणावं, हात जोडून सांगते, आणखी थोडं थांब.

पोपट


३० ऑगस्ट

पोपटे,

तू ‘एकच’चं सांगितलंस, आता माझंही ऐक. हे सांगितल्याशिवाय तू या घरात पाय ठेवावास असं मला वाटत नाही.

लाँड्रीतल्या मावशींनी टाकलेलं तुझं पत्र मला दोन जूनला मिळालं. मी ते चष्मेवाल्याला दाखवलं अठरा जूनला. मधले सोळा दिवस ते मशीनच्या खणात होतं, बॉबिनांच्या खाली. ‘उशिरा कळलं’ असं मी तुला लिहिलं, ते खोटं होतं.

का ठेवलं, ते मी रोज स्वतःला विचारते. पहिल्या दिवशी वाटलं, शिवणाची मुदत आहे, परवा बघू. मग रोज काहीतरी निघत गेलं. खरं असं आहे की तू येत नाहीस याचा राग मला सोयीचा पडला होता. तू आलीस की मला जावं लागणार. नवं गाव, नवा माणूस, आणि मला तर रस्ता ओलांडतानाही आता धडधडतं. अण्णांच्या खाटेशेजारी बसून मी सगळ्यांना सांगायचे, काय करू, अडकले आहे. लोक हळहळायचे. काकू डबा पाठवायच्या. मला कुणी कोंडलं नव्हतं गं. कडी आतून होती. आणि ती काढायला लागू नये म्हणून मी तुला सोळा दिवस तिकडे ठेवलं.

काल हे चष्मेवाल्याला सांगितलं. त्याने हातातली काच पुसून खोक्यात ठेवली. म्हणाला, ‘सोळा दिवस म्हणजे सोळा दिवस. त्याचं मी काही करू शकत नाही. मी परवा जातोय, पत्ता लिहून ठेवतो. तुम्ही हे बहिणीला तोंडावर सांगा. मग मला कळवा, यायचं की नाही.’

तो गेल्यावर मी अण्णांना विचारलं, मी काय करू. ते म्हणाले, ‘या, बसा.’ मी बसले.

तुझा कागद झाला की कळव. स्टँडवर येते.

ताई


२४ सप्टेंबर

ताई,

तुझी तार मिळाली, पोचलीस हे वाचून काकू तुझ्यापेक्षा जास्त रडल्या. इस्पितळासमोरच्या दुकानात तुझ्यासाठी उंच स्टूल ठेवलंय हेही त्यांना सांगितलं. आता गल्लीभर झालं असेल.

स्टँडवर भेटल्या भेटल्या तू ते सोळा दिवस पुन्हा तोंडाने सांगायला लागलीस आणि मी तुला गप्प केलं. तुला वाटलं, मी माफ केलं. तसं नव्हतं. राग होता, थोडा अजून आहे. पण ‘एकच’ माझ्या जिभेवर आला होता, तो परत गिळला हे मी केलं की आपोआप झालं, मला अजून सांगता येत नाही. अशा बाईने तुझ्या तोंडून कबुली कशी ऐकायची?

अण्णा मला ओळखतात की नाही, यावरून डॉक्टर आणि काकूंचं एकमत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी मला जवळ बसवलं, दोन बोटांनी हनुवटी धरून डोकं इकडून तिकडे फिरवून पाहिलं. हॉटेलातल्या बाईने माझे केस कसे कापलेत ते बघून त्यांनी नाक मुरडलं. मला तेवढं पुरे.

तू गेल्यावर सहा दिवस मी उंबऱ्याबाहेर पडले नाही. अण्णांना सोडून कसं जाऊ म्हणायचे, पण काकू समोर बसून असायच्या. नऊ वाजले की हॉटेलातल्यासारखा आपण होऊन दिवा घालवते. परवा काकू म्हणाल्या, चल बाजारात. माझ्या तोंडून निघालं, ‘विचारून सांगते.’ कुणाला विचारणार होते, देव जाणे. इथे तुझ्या खाटेवर तुझ्याच पांघरुणात मी झोपते, तुझ्याच मशीनवर गणवेशांच्या बाह्या लावते, आणि कधीकधी वाटतं, तू उठलीस त्या जागी मला आणून बसवलंय. हे तुला बोलून दाखवू नये, पण आता एकमेकींपासून लपवून पाहिलं, त्यात काही राम नाही.

आज अण्णांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. काकू माहेरी गेलेल्या. गोळी चुकवायची नाही असं तू भिंतीवर लिहून गेली आहेस. त्यांना झोप लागल्यावर दार ओढून घेतलं आणि पायरीवर उभी राहिले. किती वेळ, ते माहीत नाही. मोजणारं कुणी नव्हतं, आणि त्याचीच भीती वाटली. मग चालायला लागले.

औषधवाल्याने ओळखलं. ‘अगं, कधी आलीस?’ म्हणाला. सांगितलं. मग गोळ्या पाकिटात भरता भरता त्याने विचारलं, ‘किती दिवस आहेस?’

सगळे हेच विचारतात, त्यात वावगं काही नाही. पण आता करार नाही, तारीख नाही, कुणी थांब म्हटलेलं नाही, कुणी जा म्हटलेलं नाही. मी पैसे मोजून पुढे ठेवले. त्याला वाटलं मी ऐकलं नाही, त्याने पुन्हा विचारलंही नाही. पाकीट हातात दिलं.

येताना मी शाळेच्या मागून, लांबच्या रस्त्याने आले.

पोपट